कमलताईच्या जागी

आमच्या गावातून कामासाठी बाहेर पडणारी माणसं खूप आहेत. कुणी पुण्याला जातं, कुणी सुरतेला. पण वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या त्या गावातून ‘सरकारच्या कामाला’ जाणारी मीच पहिली, असं आई मे महिन्यात दारोदार सांगत होती. मी तिला समजावलं, “अगं, सरकारच्या नाही. सरकारला सल्ला देणाऱ्या एका बाईंच्या कामाला.”

ती म्हणाली, “मग तर सरकारच्याही वर झालं.”

त्या बाई म्हणजे थॉमस मॅडम. मूळच्या कोचीच्या. त्यांना भिवंडीत मराठी आणि हिंदी दोन्ही बोलणारी, बायकांच्या खोलीत जाऊ शकणारी दुभाषी मुलगी हवी होती. आमच्या कॉलेजच्या प्राध्यापिकांनी माझं नाव सुचवलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं माझ्याआधी कुणी नाही, त्यामुळे असं काम घ्यावं की नाही हे विचारायलाही घरात कुणी नव्हतं. मी हो म्हणून टाकलं.

कल्याणला गाडीतून उतरले आणि भिवंडीची बस धरली. खाडीवरचा पूल ओलांडताना वारा खारट लागला. आमच्याकडच्या लोकांनी खाडी पाहिलेली नसते म्हणून सांगते: ती नदीसारखी दिसते, पण तिला घाई नसते. पुलानंतर हळूहळू टेंपो वाढत गेले. कोऱ्या कापडाचे तागे रचलेले टेंपो, मध्येच एखादा माणूस त्या ताग्यांवर झोपलेला. कंडक्टरने उतरवलं तिथे मी एका रिक्षावाल्याला विचारलं, “भैया, धामणकर नाका?”

“दीदी, नाके पे खडी होके नाका पूछ रही हो?” तो शेजारच्याला म्हणाला, “देख रे, नयी आयी है.” दोघे हसले. मीही हसले, पण कान लाल झाले.

भिवंडीचा आवाज आधी पायाला कळतो. गल्लीगल्लीतल्या कारखान्यांत यंत्रमाग चालू असतात, त्यांना इथे सगळे लूमच म्हणतात. त्यांची खटखट जमिनीतून चपलेत येते. हवेत कापसाचा बारीक भुगा तरंगत असतो. दुपारपर्यंत माझ्या काळ्या ओढणीला पांढरी लव आली होती.

थॉमस मॅडम मला एका भिशीत (लूमवर काम करणाऱ्या परप्रांतीय कामगारांची खाणावळ) भेटल्या. साठीच्या आसपासच्या, पांढरे आखूड केस, सुती साडी, पायात खेळाचे बूट. भात कालवताकालवता त्यांनी मला माझं काम सांगितलं. त्यांचं हिंदी मोडकं होतं, म्हणून आम्ही सोप्या इंग्रजीत बोलायचो. मला त्या ‘मोळे’ (मल्याळम भाषेत मुलगी, बेटा) म्हणत.

“सरकार काय काय विकत घेतं, माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

मग त्या स्वतःच मोजू लागल्या.

“दवाखान्यातल्या चादरी. पोलिसांच्या टोप्या. शाळेतली बाकं, शाळेचे गणवेश. सरकारएवढं मोठं गिऱ्हाईक दुसरं कुठलं नाही. आणि गिऱ्हाइकानं विचारलं की दुकानदाराला उत्तर द्यावंच लागतं. फक्त काय विचारायचं, हे या गिऱ्हाइकाला शिकवावं लागतं. तेवढंच मी करते.”

त्यांना राज्याच्या एका खात्याने बोलावलं होतं. खातं गणवेशाचं कंत्राट एकाला देतं, तो दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. शेवटी शर्टाची घडी कोण घालतं हे खात्याला ठाऊकच नसतं. ती घडी घालणारी व्यक्ती मनात येईल तेव्हा काम सोडून जाऊ शकते का, एवढं मॅडमना पाहायचं होतं. इंग्रजीत याला आता नवं नाव आहे, त्याचं मराठी ‘आधुनिक गुलामी’ असं होईल. मी म्हटलं, आमच्याकडे जुना शब्द आहे, वेठबिगारी. मॅडमनी तो दोनतीनदा उच्चारून पाहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावाबाहेर गोदामांच्या भागात गेलो. तिथे मैलोगणती निळ्या पत्र्याची गोदामं आहेत, आणि मध्येच एखादं भाताचं खाचर, उन्हाने भेगाळलेलं. आमचं गोदाम बरंच आत होतं. सुपरवायझर दिनेशभाऊ फाटकावरच उभे होते. खात्याचं पत्र आधीच पोचलं होतं. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला गंध, बोलणं अगदी मऊ.

“या या मॅडम. आमच्याकडे लपवायसारखं काही नाही. तुम्ही कुणालाही विचारा.”

आत लांबच लांब सतरंज्यांवर बायका बसल्या होत्या. शर्टाचे लोंबणारे दोरे कापायचे, घडी घालायची, पिशवीत भरायचं. आकाशी शर्ट, गडद निळी पँट. मी सातवीपर्यंत हाच गणवेश घातला होता. तो ढीग पाहून मला आधी आनंद झाला, ओळखीचं कुणी भेटल्यासारखा. हे लिहायला आज जड जातं.

मॅडमनी एका म्हाताऱ्या बाईला स्वतःच्या हिंदीत विचारलं, “तुम खाना कौन पकाता?”

“बरं हाय,” बाई म्हणाली.

“छुट्टी मिलती?”

“बरं हाय.”

“और आपका नाम?”

“बरं हाय.” मग तिलाच कळलं, आणि अख्खी रांग तोंडाला पदर लावून हसली. दिनेशभाऊही हसले. मॅडम मात्र माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “कुणीतरी चांगली तालीम घेतली आहे.”

रांगेच्या टोकाला एक बाई अवघडून बसली होती. दिवस गेलेले, सातवा महिना तरी असावा. मी जवळ वाकले तेव्हा तिने मान वर न करता विचारलं, “तू कुठली गं? बोली आपली न्हाय तुझी.”

“वाशिमची.”

“लांब हाय का?”

“लांब आहे.”

“कोन शिकवतं तुला?”

“माझी मीच शिकते. आईबाप मजुरीला जातात.”

तिने दोरा कापला. “दिनेशभाऊ जेवायला घरी जातो. तवा मागच्या बाजूनं ये. भाकर खा.”

ती कमलताई.

दुपारी आम्ही ‘हॉटेलात जाऊन येतो’ म्हणून बाहेर पडलो आणि नाल्याच्या कडेने गोदामाला वळसा घातला. मागे पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती. मॅडमनी एका दाराकडे बोट केलं. कडी फक्त बाहेरून होती.

कमलताईने तांदळाची भाकरी आणि जवळ्याची (सुकवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी वाढली. आमची ज्वारीची भाकरी खरबरीत असते, ही मऊ आणि पांढरीफेक होती. मी दोन खाल्ल्या. “खा गं, लाजतेस काय? ही बघ म्हातारी कशी जेवते,” ती मॅडमकडे पाहून म्हणाली. मी त्याचं भाषांतर केलं नाही.

मग तिने सांगितलं. तिचा पाडा (आदिवासींची छोटी वस्ती) अकलोलीच्या पलीकडे, इथून एसटीने जेमतेम तासाभरावर. सासरा आजारी असताना मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल घेतली होती, त्यापोटी ती आणि तिचा नवरा लहानू इथे आले. लहानू टेंपो भरायचा. दोघांची आधार कार्डं मुकादमाकडे. गावी जायचं तर दोघांनी मिळून कधीच जायचं नाही, आणि एक जण बऱ्याच दिवसांसाठी जाणार असेल तर त्याच्या जागी घरातलं दुसरं माणूस आणून बसवायचं. त्याला बदली म्हणतात.

“मला बाळंतपनाला आयेकडं जायचं हाय,” कमलताई म्हणाली. “मुकादम म्हनतो, जा की. वनिताला आन बदली.”

“वनिता कोण?”

“बहीन माझी. धाकली. दहावीला बसलीय, निकाल यायचा हाय. आश्रमशाळेतली बाई म्हनली, ही पास व्हनार, हिला अकरावीला घाला.” तिने पोटावरचा पदर सारखा केला. “मी बदली देनार न्हाय. इथंच बाळंत व्हईन, या पत्र्यात. पन तिला या दारातून आत येऊ देनार न्हाय.”

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी कमलताईला कुठलंही वचन दिलं नाही. एवढंच म्हणाल्या, की हे काम प्रांतसाहेबांचं (उपविभागीय अधिकाऱ्यांचं) आहे, त्यांच्याशी आणि खात्याशी बोलते, थोडे दिवस लागतील, तोवर कुणाला काही कळता कामा नये. बाहेर आल्यावर माझ्याकडे वळल्या. “मोळे, आपण कुठल्या खोलीत बसलो होतो ते आता तूही विसर.”

मी मान हलवली.

संध्याकाळी निघताना मॅडम गाडीकडे पुढे गेल्या. दिनेशभाऊंनी मला फाटकापाशी थांबवलं. टेबलावर समोसे आणि चहा मांडला होता. “ताई, असं कसं? काही न खाता जायचं नाही. आमच्याकडे रीत नाही तशी.”

आता जे सांगते ते आपल्याकडच्या लोकांना चटकन समजेल. आपण कुणाच्या घरचं खाणं नाकारलं तर त्याला वाईट वाटू नये म्हणून कारण देतो. नुसतं ‘नको’ म्हणणं उद्धटपणाचं. आणि कारण खरं वाटावं म्हणून घराचं नावही घेतो. लहानपणापासून मी असंच बोलत आले आहे. माझ्या तोंडून गेलं, “खरंच नको भाऊ, पोट भरलंय. दुपारी कमलताईकडे दोन भाकरी खाल्ल्या.”

दिनेशभाऊंनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, “अच्छा. कमलकडे. बरं केलं.” आणि कपावर बशी झाकली.

गाडीत मॅडमनी विचारलं, “काय म्हणत होता?”

“चहा घ्या म्हणत होता,” मी म्हटलं.

हे खोटं नव्हतं. मी मनाला समजावलं, की त्याने ‘बरं केलं’ म्हटलं, त्याच्या लक्षातही राहणार नाही. मला भीती होती ती मॅडम मला परत पाठवतील याची. आई गावात काय सांगेल याची. कमलताईची भीती मला त्या संध्याकाळी वाटली नाही. ती सकाळी वाटली, दात घासताना. मी तशीच मॅडमच्या खोलीचं दार वाजवलं आणि सगळं सांगितलं.

त्या पलंगावर बसून ऐकत राहिल्या. रागावल्या नाहीत. “काल सांगितलं असतंस तर काल रात्रीच फोन केला असता,” एवढंच म्हणाल्या आणि बुटाच्या नाड्या बांधू लागल्या.

गोदामात रांगेच्या टोकाला दुसरीच बाई होती. तिने दिनेशभाऊ ऐकतील अशा आवाजात सांगितलं, “कमल गावी गेली. मुकादमानं जीपनं पोचवली. लई चांगला मानूस.”

मॅडमनी तिथे एकही प्रश्न विचारला नाही. भाड्याची गाडी लगेच दिसली असती, म्हणून आम्ही वज्रेश्वरीची एसटी पकडली. गाव मागे पडलं, वीटभट्ट्यांचा धूर लागला, मग करवंदं विकणाऱ्या बायका, मग उघडे डोंगर. वज्रेश्वरीला देवीच्या पायऱ्यांखाली पेढ्यांची आणि खणानारळाची दुकानं आहेत. तिथून अकलोलीपर्यंत सहा आसनी रिक्षा. अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत. पाण्याला गंधकाचा वास, वर वाफ, आणि त्या मेच्या उन्हातही माणसं मानेपर्यंत बुडून बसलेली. एक आजोबा पाण्यातूनच ओरडले, “या की पोरी, सगळं दुखनं जातं!” एरवी मी या कुंडांवर पानभर लिहिलं असतं. त्या दिवशी मला तिथे उभंही राहवत नव्हतं. पाडा कुठे हे त्या आजोबांनीच सांगितलं.

कुडाच्या घरासमोर जांभळाखाली कमलताई बसली होती. तिला पाहून मला इतकं हलकं वाटलं की मी धावतच गेले. “ताई! तुम्ही बऱ्या आहात!”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“मला पहाटे आनून टाकलं,” ती म्हणाली, “आनि त्याच जीपमधनं वनिताला नेलं. ताईला आराम पायजे ना, म्हनला तिला. पोरगी लगेच बसली. मी जीपला धरून व्हते. माझ्या हातनं सुटली.”

घरातून तिची आई बाहेर आली. मागोमाग पाड्यावरची आशाताई (गावची आरोग्य सेविका). कुणी आम्हाला बसा म्हटलं नाही.

मी म्हटलं, “ताई, चूक माझी. माझ्या तोंडून गेलं. मी...”

“ठावं हाय. मुकादमानंच सांगितलं. भाकर काय खिलवतेस पाव्हन्यांना, म्हनला.” कमलताईचा आवाज अजिबात चढला नाही. “पोट भरलं ते सांगायची काय गरज व्हती गं? मी तुला शिकलेली समजून न्हाय सांगितलं. आपली समजून सांगितलं.”

ती काय म्हणाली, असं मॅडमनी विचारलं. मी शब्दन् शब्द भाषांतर केलं. तेवढं मला करता आलं.

मग मॅडमनी फोन काढला. प्रांत कार्यालय, जिल्ह्याचं कामगार खातं, मग गणवेशाचं खातं. कुणाशी नरम, कुणाशी कडक. शेवटी म्हणाल्या, अधिकारी आजच जाऊन सोडवतील, पण कमलताईने त्यांच्यासमोर जबाब दिला पाहिजे. तिची इच्छा असेल तरच.

कमलताई म्हणाली, “देते. वनितासाठी देते. पन ही आत बसनार न्हाय.” तिने माझ्याकडे बोटही केलं नाही, नुसती हनुवटी हलवली. “माझं बोलनं मॅडमला आशाताई सांगंल.”

तर कमलताईचा जबाब मी ऐकलेला नाही. आम्ही सगळ्या भिवंडीच्या प्रांत कार्यालयात गेलो, तिथे मी बाहेर बाकावर बसून होते. आशाताईचं हिंदी माझ्यापेक्षा कच्चं होतं, आतून तिचे अडखळणारे शब्द अधूनमधून ऐकू यायचे. मला योग्य शब्द आठवायचा, पण मी उठले नाही.

दुपारनंतर सरकारी गाड्या गोदामाकडे गेल्या, मागून आम्ही. दिनेशभाऊंचा शर्ट आजही पांढराशुभ्र होता. आत काम थांबलं. ज्यांना जायचं होतं त्यांना वेगळं बसवलं, जबाब सुरू झाले. सगळ्या खूश होत्या असं समजू नका. कालची ‘बरं हाय’वाली म्हातारी माझ्यासमोर येऊन म्हणाली, “आता गोदाम बंद पडलं तर खायला तू घालनार का? तुझ्याच गावाला येतो मग.”

वनिताला आता रांगेच्या टोकाला बसवलं होतं, सकाळच्या बाईच्या शेजारी. हडकुळी, दोन वेण्या, केसांत निळे दोरे अडकलेले. तिला आणि लहानूला बाहेर आणलं तेव्हा ती रडत नव्हती. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, “ताई, मला सोडलं म्हनजे आता माझी बहीन परत येनार का इथं?”

मी मॅडमना विचारलं, चुकीचं काही बोलायला नको म्हणून. मॅडम तिच्यासमोर वाकल्या आणि स्वतःच्या हिंदीत म्हणाल्या, “कोई नहीं आएगा. तुम नहीं, वो नहीं. किसी का जगह पे कोई नहीं.” वनिताला ते पटलेलं दिसलं नाही. ती लहानूच्या मागे जीपमध्ये चढली आणि फाटक दिसेनासं होईपर्यंत मागे पाहत राहिली.

संध्याकाळी खात्याच्या एका साहेबांचा फोन आला. ते घाबरले होते. कंत्राट आजच रद्द करतो म्हणाले. मला वाटलं मॅडम खूश होतील. पण त्या जवळजवळ ओरडल्याच. “रद्द करून हात झटकू नका! उद्या हाच माल दुसऱ्या गोदामात जाईल आणि या बायका रस्त्यावर येतील. पैसे रोखून ठेवा, आधी यांची मजुरी द्यायला लावा. कार्डं परत, कड्या काढा, आणि मुकादमाशिवाय बायकांना तक्रार करता येईल अशी सोय. मग माल घ्या. तुम्ही गिऱ्हाईक आहात, गिऱ्हाइकासारखं वागा.” त्यांचा सल्ला म्हणजे काय, हे मला तेव्हा समजलं. साहेब कितपत ऐकतील ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी गावी परतले. आईने शेजारपाजारच्यांना बोलावून ठेवलं होतं. खाडी कशी असते, लूम किती मोठे, गरम पाणी जमिनीतून आपोआप येतं हे खरं का, सगळं विचारून झालं. मी सगळं सांगितलं. शेवटी आईने विचारलं, “आणि सरकारचं काम नीट केलंस ना?” मी उठून पाणी प्यायला गेले.

पावसाळ्यात मॅडमनी सरकारला द्यायच्या सल्ल्याचा मसुदा मराठीत करायला माझ्याकडे पाठवला. मला वाटलं नव्हतं त्या पुन्हा काम देतील. त्यात एक वाक्य होतं: पाहणीला गेलेल्यांनी कोणता कामगार आपल्याशी बोलला, हे कोणालाही कळू देऊ नये. मी ते मराठीत लिहिलं आणि पुढे स्वतःचा एक शब्द घातला: ‘दुभाष्यानेसुद्धा’. मुळात नाही ते घातलंय, असं त्यांना कळवलं. त्यांनी तो तसाच ठेवला.

मसुद्यासोबतच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं की वनिताला अकरावीत प्रवेश मिळाला. कमलताईबद्दल काही नव्हतं. तोवर ती बाळंत झाली असणार. मुलगा झाला की मुलगी, ती बरी आहे की नाही, हे मॅडमना ठाऊक असेल. एका फोनवर कळेल. अनेकदा वाटतं, विचारावं. पण माझं नाव तिच्या कानावर गेलं तर तिला बरं वाटेल, असं मला वाटत नाही. मी विचारलेलं नाही.